तांदूळ वाढलेत

संस्थेचा माणूस यायला तासभर उरला होता आणि मी स्टुलावर चढून मधल्या दाराचा पडदा काढत होते. निम्म्या कड्या निघाल्या होत्या, तेवढ्यात आई गिरणीतून पिठाचा डबा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"निमे, पडदा का काढलास? परवाच तर धुतलाय."

"धुवायला नाही काढला. ट्रंकेत ठेवणार आहे."

"पाहुणे यायच्या दिवशी?"

"पाहुणे यायचेत म्हणूनच."

आईनं डबा खाली ठेवला. मग तिचं लक्ष फळीकडे गेलं. फळीवरचे स्टीलचे डबे मी खाटेखाली ढकलले होते, पितळी घंगाळ गोणपाटात गुंडाळून न्हाणीत लपवलं होतं. अण्णांची पुस्तकं तेवढी राहिली होती, कारण ती कुठं लपवावी हे मला सुचत नव्हतं.

"काय गं हे? घर सोडून चाललोय का आपण?"

"आई, जरा गरीब दिसायला पाहिजे घर," मी म्हणाले.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते, आणि घरातल्या सगळ्यांपेक्षा मला जगाची अक्कल जास्त आहे अशी माझी पक्की समजूत होती. बारावीला चांगले मार्क पडून पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझं नाव लागलं होतं. मिरजेच्या आमच्या गल्लीतून इंजिनिअर व्हायला निघालेली मी पहिलीच मुलगी. फी कशीबशी भरता आली असती, पण वसतिगृह आणि खाणावळ आमच्या आवाक्याबाहेरची होती. अण्णा ज्या छापखान्यात बाइंडर होते तो दोन वर्षांपूर्वी बंद पडला होता. तेव्हापासून ते घरीच शाळांची रजिस्टरं आणि दुकानदारांच्या वह्या बांधून देत.

एकसंबेकर विद्यार्थी निधी म्हणून एक संस्था होती. ती गरजू मुलांचा चारही वर्षांचा राहण्या-जेवणाचा खर्च उचलायची. अर्ज झाला होता, मुलाखत झाली होती, आता फक्त घरभेट उरली होती. त्यांचा माणूस घरी येऊन डोळ्यांनी बघणार आणि मग काय ते ठरणार. वीस जुलैच्या आत पुण्याला पैसे भरले नाहीत तर माझी जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि मी गावातच बी.ए. करत टायपिंगच्या क्लासला जाणार होते.

आदल्या दिवशी समोरच्या हौसाकाकूंनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "घर बघून देत्यात बरं का ती माणसं. माझ्या भाच्याला गेल्या साली नाही म्हणाली. का, तर घरात टेबलफॅन दिसला! तोही बिघडलेला. तुमचं घर तर बाई नुसतं चकाचक. कोण देईल तुम्हाला?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण काकू खोटं बोलत नव्हत्या.

दोनच खोल्यांचं भाड्याचं घर, पण आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसायचा तो मोरपंखी रेशमी पडदा. तो आईचा लग्नातला शालू होता. घडीवर विरला तेव्हा तिनं चांगला भाग कापून दाराला लावला. डब्यांची रांग जुन्या कपड्यांवर भांडीवालीकडून एकेक करून जमवलेली. आणि भिंतीभर अण्णांची पुस्तकं, लाल रेक्झिनची, पाठीवर सोनेरी अक्षरं. छापखान्यानं टाकून दिलेली, कुठं पहिलं पान नाही तर कुठं मधला सोळा पानांचा फर्मा उलटा लागलेला, अशी पुस्तकं अण्णांनी आणून बांधून काढली होती. बघणाऱ्याला वाटावं, एखाद्या वकिलाच्या घरात आलो.

खरं सांगायचं तर आम्हा बहिणींनाही कधी काही कमी आहे असं वाटलं नव्हतं. दोडक्याच्या शिरांची चटणी झाली की धाकटी छबू एक भाकरी जास्त खायची. शाळेच्या वह्या अण्णा घरीच बांधायचे. गेल्या वर्षीची कोरी उरलेली पानं काढून, शिवून, वर ढगाढगांची नक्षी असलेला अबरीचा कागद लावायचे. वर्गातल्या मुली दुकानातल्या वह्या देऊन छबूची वही मागायच्या. आई बाजार उठायच्या वेळी मंडईत जायची आणि येताना पिशवी भरून आणायची, आणि आम्हाला वाटायचं की आपल्या आईला भाजी निवडण्यातलं फार कळतं.

"गरीब दिसायचं म्हणजे काय करायचं?" आईनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"काही नाही. फक्त हे सगळं आत राहू दे. आणि ते विचारतील त्याला नाही म्हण. दूध घेता का, नाही. तूप आहे का, नाही."

"येणाऱ्या माणसाला दारातच नाही-नाही म्हणायचं?"

"माझ्यासाठी, आई."

तिनं हाताला लागलेलं पीठ पदराला पुसलं. मग म्हणाली, "बरं. नाही म्हणते." आणि तोंडानं असं म्हणत तिनं स्टुलावरून मला उतरवलं, स्वतः चढली आणि काढलेल्या कड्या पुन्हा दांडीत घातल्या. डबेही तिनं फळीवर ठेवले. घंगाळाचं मात्र तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर तेवढं तिनं माझ्यासाठी सोडून दिलं.

ती कबूल झाली तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण "नाही" हा शब्द आमच्या घरात चालत नसे. माझ्या आजीनं घालून दिलेली रीत. घरातली वस्तू संपली असं म्हणायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते. मीठ संपलं तर "मीठ वाढलंय" म्हणायचं. बांगडी फुटली तर ती वाढवली. घरोघरी थोडंफार असं बोलतात, पण आईच्या तोंडात ते हाडीमांशी मुरलेलं होतं. दिवाळी तोंडावर आली असताना एकदा गूळ, तेल आणि डाळ तिन्ही एकदम "वाढली" होती, आणि हे सांगताना तिचा चेहरा खरोखर काहीतरी वाढल्यासारखा होता.

अकराच्या ठोक्याला गृहस्थ आले. साठीच्या पुढचे, पांढरी पँट, काळी टोपी, काखेत कापडी पिशवी. निपाणीकडचे निवृत्त हेडमास्तर, हंचिनाळे त्यांचं नाव. संस्थेच्या घरभेटी तेच करत. चप्पल काढून आत आले आणि उभ्या उभ्या त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली. पडद्यापाशी ती थांबली. मग पुस्तकांपाशी थांबली.

"घर लई छान ठेवली आहे की हो," ते म्हणाले.

अण्णांनी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. त्या एका वाक्यावरून मला दोन गोष्टी कळल्या. एक, घर त्यांना नको इतकं आवडलं होतं. आणि दुसरी, त्यांची बोली कानडी होती, मराठी बेताची.

त्यांनी पिशवीतून छापील कागद काढला, मांडीवर पुठ्ठा घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. मी भिंतीला टेकून उभी होते. छबू माझ्या परकराला धरून होती. तिला आठवं वर्ष होतं आणि घरी पाहुणा आला म्हणून ती खूश होती.

"काम काय करता आपण?"

"बाइंडिंग," अण्णा म्हणाले. "सीझनला असतं भरपूर."

"सीझन नसताना?"

"तेव्हा ही पुस्तकं बांधतो," असं म्हणून अण्णा हसले आणि पुस्तकांकडे बघत राहिले. मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

"कर्ज किती?"

"कुणाचा एक पैसा नाही आमच्यावर."

मास्तरांनी लिहिलं. मी मान लांब करून बघायचा प्रयत्न केला, पण पुठ्ठा त्यांच्याकडे कलता होता.

"दूध किती घेता, बाई?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी विनवलं. आईनं तोंड उघडलं. "ना..." एवढं म्हणून तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "लागेल तेवढं येतं की."

"भाजी?"

"रोज असते."

"पोरींना कपडे?"

"दिवाळीला दोघींना नवीन असतात. मीच शिवते."

"हे बघा, हे नवीन," असं म्हणत छबूनं पुढे होऊन फ्रॉकचा घेर पसरून दाखवला. तो आईच्या जुन्या साडीचा होता, खाली काठ लावलेला. काठ असलेला फ्रॉक गल्लीत दुसऱ्या कुणाकडेच नाही याचा तिला केवढा अभिमान होता.

"अगा अगा, राणी दिसते की," मास्तर म्हणाले आणि पुन्हा काहीतरी लिहिलं.

आई आत गेली आणि बशीतून दोन लाडू घेऊन आली. मास्तरांनी एक खाल्ला, मग दुसराही खाल्ला.

"तुपातले आहेत काय?"

"थोडं घातलंय हो."

मी डोळे मिटून घेतले. डोळ्यांसमोर पुण्याच्या वसतिगृहातली एक खाट येत होती, जी मी कधी पाहिलेली नव्हती, आणि त्या खाटेवर दुसरीच कुणी मुलगी बसलेली दिसत होती. अण्णा मास्तरांना पुस्तक शिवायच्या पद्धती समजावून सांगायला लागले होते. मास्तर रमले होते. हे काय भेटीला आलेत की तपासणीला, मला काहीच उमगेना.

शेवटी मास्तर म्हणाले, "बराय. निघतो मी."

आणि आई म्हणाली, "जेवणाची वेळ झालीय. असंच कसं जाता? दोन घास खाऊनच जा."

"नको बाई, त्रास कशाला."

"त्रास कसला? भाकरी थापायचीच आहे. भाताला काय वेळ लागतो?" असं म्हणत ती आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. मग ती पातेली घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर, अगदी रोजच्यासारखं, छबूच्या हातात देत म्हणाली, "छबू, हौसाकाकूंकडं जा पळत. म्हणावं, आमच्याकडं तांदूळ वाढलेत."

मास्तरांनी मान वर केली. त्यांनी छबूच्या हातातल्या पातेलीकडे बघितलं आणि मग आईकडे. "शेजार चांगली आहे म्हणायची."

"फार चांगला आहे," आई म्हणाली.

"छान, छान," मास्तर म्हणाले. त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला, तळाशी दोन ओळी लिहिल्या, खाली सावकाश रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं.

ते टोपण लागल्याचा आवाज आला आणि माझा धीर सुटला. मला स्पष्ट दिसलं, त्या कागदावर काय लिहिलं असणार ते. या घरात तांदूळ इतके जास्त झालेत की शेजारी वाटतात. कानडी माणूस, त्याला वाढले म्हणजे काय ते कुठून कळणार?

"सर, वाढले म्हणजे संपले!" मी जवळजवळ ओरडलेच. "आमच्यात संपलं म्हणत नाहीत, म्हणून आई तसं म्हणते. डब्यात तांदळाचा दाणा नाही. ती उसने आणायला पाठवतेय."

"निमे," अण्णा म्हणाले.

"नाही अण्णा, सांगू दे मला. सर, तो पडदा नाही, आईचा फाटलेला शालू आहे. ही पुस्तकं रद्दीतली आहेत, वाचायला गेलं तर निम्मी पानंच नाहीत. दूध पावशेर येतं, त्यात पाणी घालून दोन वेळा चहा होतो. तुम्ही खाल्लात तो लाडू शिळ्या पोळ्यांचा आहे, आणि तूप वासापुरतं एक चमचा. हिचा फ्रॉक फाटक्या साडीचा. आई मंडईत बाजार उठताना जाते कारण तेव्हा पडेल त्या भावात देतात. दोडक्याच्या शिरांची चटणी करतो कारण शिरा एका दिवसाला आणि दोडका दुसऱ्या दिवसाला पुरवायचा असतो."

मी थांबायला हवं होतं. थांबले असते तर कदाचित सावरता आलं असतं. पण एकदा बोलायला लागल्यावर मला एक वेगळंच बळ आलं होतं, आणि सगळ्यात भक्कम पुरावा मी शेवटी काढला.

"आणि आई गुरुवारचा उपास करते ना, तो दत्ताचा नाही. छापखाना बंद पडला त्याच महिन्यात तो सुरू झालाय."

अण्णांनी आईकडे बघितलं. दोन वर्षं दर गुरुवारी ते तिला स्वतःच्या हातानं केळं आणून देत होते. छबू पातेली पोटाशी धरून उंबऱ्यात उभी होती, गेलीच नव्हती. ती एकदा पडद्याकडे आणि एकदा स्वतःच्या फ्रॉककडे बघत होती.

"दत्ताचाच आहे उपास," आई म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की ते कुणाला सांगितलं हे कळलं नाही. आजतागायत मला माहीत नाही की खरं काय होतं.

मास्तर उठले. त्यांनी आईला हात जोडले. "बाई, जेवायला पुन्हा येतो. आज राहू दे." मग टोपी नीट केली आणि मला म्हणाले, "बाळ, मला रिक्षा कुठं मिळेल ते दाखव."

आम्ही गल्लीतून चाललो. मी त्यांच्या मागे दोन पावलं होते आणि मनातल्या मनात अजूनही हिशेब मांडत होते. त्यांनी लिहिलेलं खोडलं असेल का? खोडायला पेन तर पुन्हा उघडलंच नव्हतं. देवळाच्या कट्ट्यापाशी ते थांबले.

"इंजिनिअर होणार काय?"

"हो. पैसे मिळाले तर."

त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. वाचायची परवानगी होती की नव्हती, कोण जाणे. तळाशी बारीक, गोल अक्षरात लिहिलं होतं, 'कुटुंब अत्यंत गरजू. मागणार नाहीत. पूर्ण साहाय्य द्यावे.' आणि त्याखाली ती रेघ.

"हे कधी लिहिलंत?" मी विचारलं, आणि विचारतानाच उत्तर मला माहीत होतं.

"तू बोलायच्या आधीच की." ते हसले नाहीत. "आमच्या घरातही संपलं म्हणत नाहीत, बाळ. कानडीतही आई असंच उलटं बोलायची. आणि पडद्याचं मी आत येतानाच बघितलं. काठाला रफू होतं. एवढं बारीक रफू पैसेवाल्याच्या घरी कशाला कोण करेल?"

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला कळलं नाही."

"मला कळलं होतं," मास्तर म्हणाले. "तुझ्या धाकटीला कळलं नव्हतं." आणि समोरून आलेली रिक्षा थांबवून ते बसून गेले.

घरी परत जायला मला फार वेळ लागला. काम झालं होतं. चार वर्षांचं जेवण, खाट, सगळं झालं होतं, आणि तरीही आमच्या दारापासून मी दोनदा मागे फिरले. घरात आले तेव्हा आई भाकरी थापत होती. अण्णा त्यांच्या शिवणीच्या चौकटीसमोर बसले होते, पण हातात सुई नव्हती. मास्तरांनी कागदावर काय लिहिलंय ते मी सांगितलं. "बरं झालं," अण्णा म्हणाले, आणि त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आई मला काहीच बोलली नाही. ती रागावली असती, चार शब्द सुनावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. तिनं मला नेहमीसारखं ताट वाढलं. फक्त, तो दिवस गुरुवारचाच होता, आणि अण्णांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून तिच्यासमोर ठेवली, आणि तिनं उपास आहे असं म्हटलं नाही. मान खाली घालून तिनं ती खाल्ली. तिला तसं जेवताना बघणं मला जड गेलं.

छबूनं जेवताना विचारलं, "ताई, लाडू शिळ्या पोळीचा असतो?"

"जेव गपचूप," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी संस्थेचं पत्र आलं. संपूर्ण साहाय्य मंजूर. हौसाकाकू येऊन पेढा भरवून गेल्या आणि गल्लीभर सांगत सुटल्या की पोरीनं नाव काढलं. आईनं माझी ट्रंक खाली काढली आणि कपडे नीट लावायला घेतले. मीही आनंदात होते, खोटं कशाला बोलू? एवढ्या दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती, आणि त्या गुरुवारचं सगळे हळूहळू विसरतील अशी माझी मीच समजूत घालून घेतली होती.

संध्याकाळी पाचला छबू शाळेतून पळतच आली. दप्तर न काढताच तिनं आतून चार वह्या काढल्या आणि अण्णांच्या पुढ्यात एकावर एक ठेवल्या. दुकानातल्या, नव्याकोऱ्या, निळ्या पुठ्ठ्याच्या.

"मला मिळाल्या," ती म्हणाली. धावून आल्यामुळे तिला धाप लागली होती. "बाईंनी विचारलं, वर्गात गरीब कोण कोण आहे, उभे राहा. दरवर्षी विचारतात. मी आधी कधी उभीच राहिले नव्हते. मला माहीतच नव्हतं ना!"

"मग आज?" अण्णांनी विचारलं.

"आज उभी राहिले. बाई म्हणाल्या, तू कशी गं, तुझ्याकडे तर केवढ्या छान वह्या असतात. तर मी सांगितलं सगळं. शालूचं, लाडवाचं, आईच्या उपासाचं. ताईनं सांगितलं होतं तसंच. मग बाईंनी मला तीन नाही, चार दिल्या."

आईच्या हातात माझी साडी होती. ती घडी घालायची थांबली. मी तिच्याकडे बघू शकले नाही, म्हणून वह्यांकडे बघितलं. प्रत्येक वहीवर जांभळ्या शाईत, पुठ्ठ्याच्या मधोमध, गोल शिक्का होता. 'गरीब विद्यार्थी फंड.'

अण्णांनी वरची वही उचलली. सवयीनं उघडून शिवण बघितली, पानांवरून अंगठा फिरवला. "बरी आहे की," ते म्हणाले. मग उठून त्यांनी कोपऱ्यातून अबरीच्या कागदाची गुंडाळी आणली. लाल-निळ्या ढगांचा तो कागद त्यांनी चांगल्या कामांसाठी राखून ठेवला होता. त्यातला एक ताव जमिनीवर पसरून, वही त्यावर ठेवून, मापानं कापून त्यांनी कडा दुमडल्या. त्यांचा हात नेहमीसारखा स्थिर होता. शिक्का हळूहळू कागदाखाली जायला लागला.

छबू त्यांच्या गुडघ्याला टेकून बघत होती. तिनं पटकन त्यांचा हात धरला.

"अण्णा, शिक्का झाकायचा नाही. बाई बघणार आहेत रोज. शिक्का दिसला नाही तर वह्या परत घेतात."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, त्या गुरुवारनंतर पहिल्यांदाच. मग घातलेल्या घड्या त्यांनी एकेक करून उलगडल्या आणि वही छबूच्या हातात दिली.